सोडलेल्या तालमीचे ऋण

गुरूचे ऋण फिटत नाही, असे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि ज्यांना चांगला गुरू लाभला त्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु ज्याला क्रूर गुरू लाभला त्याने काय करावे, याविषयी आपल्या घरांत आणि देवळांत क्वचितच बोलले जाते. हा प्रश्न आम्ही येथे एका क्षेत्रापुरता घेतला आहे. ते क्षेत्र मल्लविद्येचे होय. मग ती बेळगावकडची तालीम असो, इंदूरचा आखाडा असो, की गोव्यात एखाद्या देवस्थानाच्या सभागृहात संध्याकाळी भरणारा कराटेचा किंवा ज्यूदोचा वर्ग असो. येथे विद्या शरीराला शिकवावयाची असते, आणि त्यासाठी शिष्य आपले शरीरच गुरूच्या हाती देतो. म्हणून येथे विश्वास जेवढा मोठा, तेवढाच त्याचा घातही मोठा.

दहाव्या वर्षी अशा ठिकाणी गेलेला आणि एकोणिसाव्या वर्षी तेथून बाहेर पडलेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. चुकला की काठी, चुकला नाही तरी शिवी. आजारी असला तरी हजेरी. घरी काही बोलल्यास सर्वांदेखत विटंबना. अशी नऊ वर्षे काढून तो एक दिवस जाणे बंद करतो. त्याच्या दुखावलेल्या खांद्यावर वैद्य उपचार करील. परंतु रात्री त्याला जो प्रश्न छळतो त्यावर औषध कोणी देत नाही. तो प्रश्न असा: ज्याने मला घडविले त्याला मी सोडले, तर मी कृतघ्न नव्हे काय?

आमचे उत्तर प्रारंभीच सांगून टाकतो. तो कृतघ्न नव्हे. विद्येचे ऋण त्याच्यावर आहे, परंतु ते ऋण म्हणजे त्या माणसाची ताबेदारी नव्हे. आणि ते फेडण्याची जागाही त्या माणसाच्या पायांशी नाही. असे का, हे पुढे सांगण्याचा यत्न करतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कठोर शिक्षण आणि छळ या दोन गोष्टी एक नव्हेत. लाल मातीच्या हौद्यात उतरणाऱ्याला खरचटणार, बैठकांनी मांड्या भरून येणार, पाठ मातीला लागली म्हणजे अभिमानही दुखावणार. हे सर्व त्या विद्येचेच अंग आहे, आणि एवढ्यावरून वस्तादाला दोष देणे हा अन्याय होईल. मग सीमा कोठे आखावी? ती आखण्याचे एक चांगले साधन ज्यूदोत सापडते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोची घडी बसविली. त्या खेळात पकडीत सापडलेल्या माणसाने हाताने थापटले की प्रतिपक्षाने पकड तत्काळ सोडावयाची असते. गळा आवळण्यासारखे जीवघेणे डाव मित्रामित्रांत रोज निर्धास्तपणे खेळता येतात ते या एका नियमाच्या आधारावर. थापटल्यावर पकड सुटते की नाही, ही आमच्या मते प्रत्येक तालमीची परीक्षा आहे. शिष्याला ‘पुरे’ म्हणता येते काय? घरी जाऊन घडलेले सांगता येते काय? अन्य गुरूकडे जाता येते काय? जेथे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आहेत, तेथील वेदना शिष्याच्या विद्येसाठी नसून गुरूच्या सत्तेसाठी असते.

‘एवढा त्रास होता, तर इतकी वर्षे राहिलास कशाला?’ असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कपट नसते, तथापि त्याला त्या जागेची कल्पना नसते. क्रूर गुरू नेहमीच क्रूर नसतो. ज्या हाताने तो मारतो त्याच हाताने स्पर्धेनंतर पाठ थोपटतो, आणि मार जितका अकारण, तितकी ती थाप मुलाला अधिक मोलाची वाटू लागते. शिवाय त्याचे सारे मित्र तेथेच असतात. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आपला मुलगा फरी-गदगा खेळतो, याचा आईवडिलांना अभिमान असतो. तालीम सोडणे म्हणजे संध्याकाळची ती वेळ, ते मित्र, तो मान आणि स्वतःची ओळख, हे सर्व एका दिवसात सोडणे होय. इतके सोडून जो बाहेर पडला, त्याला धैर्य नव्हते असे कोणी म्हणू नये.

ही व्यथा एका गावाची किंवा एका देशाची नाही. ज्यूदोचे जे माहेर, त्या जपानात गुरूचा मान आपल्याहून रतीभरही कमी नाही. तेथे २०१२ सालच्या अखेरीस राष्ट्रीय संघाच्या पातळीवरील १५ महिला खेळाडूंनी जपानच्या ऑलिंपिक समितीकडे तक्रार नेली की प्रशिक्षक थोबाडीत मारतात, बांबूच्या तलवारीने फटके देतात आणि हिणवून बोलतात. जानेवारी २०१३ मध्ये हे प्रकरण उघड झाले, मुख्य प्रशिक्षकाने राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेथील क्रीडासंस्थांनी खेळांतील हिंसेच्या निर्मूलनाची जाहीर घोषणा केली. त्याआधी जून २००७ मध्ये सुमोच्या एका आखाड्यातील १७ वर्षांचा नवशिका मल्ल मारहाणीने मरण पावला होता. तो आखाडा सोडून जाऊ पाहत होता. मारणाऱ्यांनी त्या मारहाणीला शिक्षण हेच नाव दिले होते; परंतु न्यायालयाने ते मानले नाही, आणि २००९ मध्ये आखाड्याच्या प्रमुखाला कारावासाची शिक्षा झाली. आपल्या देशात जानेवारी २०२३ मध्ये नामांकित मल्ल दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसले. महिला मल्लांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी कोणी ऐकत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्या आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. परंतु देशाला पदके मिळवून देणाऱ्यांनाही आपले म्हणणे ऐकविण्यासाठी रस्त्यावर बसावे लागते, तेथे गावच्या वर्गातील बारा वर्षांच्या मुलीचे कोण ऐकणार, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

आता आपल्या शास्त्रांकडे वळू. कारण तालीम सोडणाऱ्या मुलाच्या तोंडावर जो शब्द फेकला जातो तो ‘गुरुद्रोह’ हा आहे, आणि तो शास्त्राच्या नावाने फेकला जातो. वस्तुतः शास्त्रे काय सांगतात? गौतमाच्या धर्मसूत्रात शिष्याला न मारता शिकवावे असा मूळ नियम आहे. तेवढ्याने भागत नसेल तर बारीक दोरी किंवा वेळूची कामटी एवढीच मुभा त्याने दिली आहे, आणि अन्य कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा असे स्पष्ट सांगितले आहे. ती दोरी आणि ती कामटीही आज आम्हांला मान्य नाही. परंतु गुरूही दंडाला पात्र होऊ शकतो, ही गोष्ट परदेशातून आलेली नसून आपल्याच धर्मसूत्रांत आहे, एवढे ध्यानात घ्यावे. तैत्तिरीय उपनिषदात विद्या संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य स्वतःच सांगतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढ्यांचेच अनुसरण कर, इतरांचे नको. महाभारतात अंबेच्या प्रकरणी परशुरामाने आज्ञा केली तेव्हा भीष्माने ती नाकारली. आणि उन्मत्त झालेल्या, कार्याकार्य न जाणणाऱ्या, वाट सोडून गेलेल्या गुरूचाही त्याग विहित आहे, या अर्थाच्या प्राचीन वचनाचा आधार त्याने गुरूसमोरच घेतला. अंबेच्या दृष्टीने पाहता भीष्म निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गुरूला ‘नाही’ म्हणण्याला आपल्या परंपरेत जागा आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

येथे कोणी एकलव्याचे नाव घेईल. अंगठा कापून देणारा शिष्य आदर्श नव्हे काय? एकलव्याच्या निष्ठेपुढे कोणाचेही मस्तक नमेल. परंतु शिष्याच्या निष्ठेची थोरवी ही गुरूच्या मागणीची थोरवी ठरत नाही. ती दक्षिणा कोणाच्या हितासाठी घेतली गेली, हे महाभारतानेही लपविलेले नाही. द्रोणपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला ते उघड सांगितले आहे. एकलव्याची कथा शिष्यांना सांगताना ती गुरूंनाही सांगितली पाहिजे, आणि गुरूंना सांगताना तिचा अर्थ निराळा होतो.

तथापि ज्याने तालीम सोडली त्याच्या उपयोगाची कथा आमच्या मते याज्ञवल्क्याची आहे. विष्णुपुराणात ती येते. वैशंपायनांच्या हातून ब्रह्महत्या घडली, आणि तिच्या निवारणासाठी आपल्या वतीने व्रत आचरावे असे त्यांनी शिष्यांना सांगितले. याज्ञवल्क्य म्हणाला की या दुबळ्यांना कशाला कष्ट, मी एकटाच ते करीन. गुरू संतापले, माझ्यापासून घेतलेली विद्या परत कर, अशी आज्ञा त्यांनी केली. याज्ञवल्क्याने ती ओकून टाकली आणि तो निघून गेला. अन्य शिष्यांनी तित्तिर पक्षी होऊन ती वेचली, म्हणून ती शाखा तैत्तिरीय झाली. याज्ञवल्क्याने सूर्याची उपासना केली, आणि सूर्याने अश्वरूपाने येऊन त्याच्या गुरूलाही ठाऊक नसलेले यजुर्मंत्र त्याला दिले. आज आपल्या देवळांत शुक्ल यजुर्वेद म्हणणारे वैदिक आहेत, तसे तैत्तिरीय शाखेचेही आहेत. गुरूला सोडून गेलेल्या शिष्याची विद्या आपण गुरुद्रोह्याची म्हणून टाकून दिली नाही.

या कथेतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की याज्ञवल्क्यही सर्वस्वी निर्दोष नव्हता. सहाध्यायांना दुबळे म्हणण्यात त्याचा अहंकार होता. म्हणजे निघून जाण्याचा अधिकार मिळविण्यासाठी शिष्याने निष्कलंक असावे लागत नाही. तालीम सोडलेला मुलगा पुनः पुनः आठवतो की आपणही उद्धट बोललो होतो, आपणही आळस केला होता, आणि मग मार योग्यच होता अशी स्वतःची समजूत घालतो. ती समजूत खोटी आहे. उद्धटपणाचे उत्तर समज देणे हे असते. हाड मोडणे हे नसते.

दुसरी गोष्ट विद्येच्या मालकीची. ‘माझे दिलेले परत कर’ असे म्हणणारे गुरू आजही आहेत. माझे नाव लावू नकोस, पट्टा परत दे, प्रमाणपत्र फाडून टाक, माझ्याशिवाय तू कोणी नव्हेस, अशी त्यांची भाषा असते. पट्टा व प्रमाणपत्र परत करता येतील. शरीराला लागलेले वळण मात्र परत करता येत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. कोणताही डाव एका वस्तादाच्या खाजगी मालकीचा नसतो. बडोद्यात १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश संपादून प्रसिद्ध केला, तो ही विद्या सर्वांची व्हावी म्हणूनच. ज्या हाताने शिकविले तो हात वाईट निघाला, म्हणून शिकलेले वाईट ठरत नाही. गढूळ पाटातून आले तरी पाणी मूळचे नदीचेच असते. ते गाळून घ्यावे लागते, एवढेच. कोणाला काही वर्षांनी पुनः हौद्यात उतरावेसे वाटेल, तर कोणाला मातीचा वासही नकोसा होईल. दोन्ही योग्य आहे. जो परत उतरेल त्याने नवा गुरू डोळे उघडे ठेवून पारखावा; जो उतरणार नाही त्याला आपण भ्याड म्हणू नये.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या कथेतले भांडण गुरूचे प्रायश्चित्त शिष्यांनी करावे या मागणीतून निघाले. छळ करणाऱ्या तालमीत हेच रोज घडत असते. गुरूचा राग, गुरूचे अपयश, गुरूची लज्जा, हे सर्व शिष्य आपल्या अंगावर वाहत असतो. आणि सोडून गेल्यावरही ते ओझे उतरविण्याचे त्याला सुचत नाही. ते ओझे त्याचे नव्हे. परंतु त्याचे स्वतःचे असे एक लहानसे ओझे पुष्कळदा त्याच्यापाशी असते, आणि त्याविषयी बोलणे अवघड असले तरी अवश्य आहे. अशा तालमींत थोरल्या मुलांकडून धाकट्यांना मार देवविला जातो. ज्याने नऊ वर्षे मार खाल्ला त्याने शेवटची दोनतीन वर्षे मार दिलेलाही असतो, आणि बाहेर पडल्यावर त्याला झोप येत नाही ती बहुधा या आठवणीने. त्याला आम्ही असे सांगू: आज्ञा देणाऱ्याचा दोष त्याचा त्याच्यापाशी राहू दे, परंतु तुझ्या हाताने जे झाले तेवढे तुझे आहे. शक्य असेल तर त्या धाकट्याकडे जा, सबब न सांगता क्षमा माग, आणि त्याने क्षमा केली नाही तरी रागावू नकोस. हे प्रायश्चित्त गुरूच्या वतीने नसून स्वतःचे आहे. म्हणूनच ते मनुष्याला मोकळे करते.

आता क्षमेविषयी. देवळात येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांकडून अशा मुलाला हमखास उपदेश होतो तो ‘झाले गेले विसर आणि क्षमा कर’ हा. क्षमा हा मोठा गुण आहे यात शंका नाही. परंतु क्षमा हे दान आहे, आणि दान दात्याच्या इच्छेने होते. बाजूला उभे राहणाऱ्यांनी ते मागावयाचे नसते. शिवाय क्षमा आणि मौन या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. मनातून राग गेला तरी त्या हौद्यात आजही लहान मुले उतरत असतील, तर घडलेले सांगणे हा सूड होत नाही. हे सांगण्याचा भार मात्र दुखावलेल्या मुलावर टाकून आपण मोकळे होऊ नये. लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे असा अपराध ज्याला कळला त्याने तो कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविणे हाही अपराध आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण किंवा छळ केल्यास बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यात शिक्षा आहे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सारांश, मुलगा थापटत आहे हे ज्यांना ऐकू आले त्या प्रौढांचे हे काम आहे.

आणि येथे आम्ही थेट आपल्या देवस्थानांकडे येतो. बहुतेक तालमींत मारुती असतो, आणि पुष्कळ वर्ग देवळांच्या आश्रयाने, त्यांच्या जागेत चालतात. जागा देणाऱ्या महाजनांनी आणि समितीने काही साध्या अटी घातल्या, तर फार मोठे काम होईल. वर्गाचे दार उघडे असावे. कोणत्याही पालकाला येऊन बसण्याची मोकळीक असावी. एकट्या मुलाला किंवा मुलीला शिकविण्यासाठी थांबवून घेऊ नये. शुल्क आणि दंड लेखी असावेत. आणि तक्रार ऐकणारे माणूस त्या वर्गाशी संबंध नसलेले असावे. एखादा मुलगा अकस्मात येईनासा झाला तर त्याला ‘का सोडलेस’ असे दरडावण्याआधी शिकविणाऱ्याला ‘तो का गेला’ असे विचारावे. चांगल्या वस्तादाला या अटींचा राग येणार नाही. कारण त्याच्या हौद्यात लपविण्यासारखे काही नसते.

राहता राहिली गुरुपौर्णिमा. तालीम सोडलेल्याला वर्षात सर्वांत जड जाणारा दिवस हाच. सर्वजण कोणा ना कोणाच्या पाया पडत असतात, आणि त्याचे पाय मात्र कोणाकडे वळत नाहीत. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगणारा जो अवधूत आहे, तोच दत्तात्रेय असे आपण मानतो. त्या गुरूंत पृथ्वी आहे, समुद्र आहे. पण पतंग आहे, हत्ती आहे, गळाला लागलेला मासाही आहे. यांच्यापासून अवधूत शिकला ते काय करू नये हे. पतंगाला त्याने गुरू म्हटले, परंतु पतंगामागून तो दिव्यात शिरला नाही. ज्याला असा एक गुरू लाभून गेला, त्याने त्या दिवशी कोणाची तसबीर पुजावी हे आपण ठरवू नये. संध्याकाळी आळीतल्या एखाद्या लहान मुलाला त्याने एक साधी पकड दाखविली, आणि ते थापटताच हात सैल सोडला, तर विद्येचे ऋण जेथे फेडावयाचे तेथे तो ते फेडीत आहे, असे आम्ही समजू.